जन्मदाखला: १ ऑक्टोबर २०२३ ची रेघ, कोणाला लागतो, कोणाला नाही आणि नोंद कुठे फसते

दफ्तरदार:

जन्मदाखल्याचे तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर येतायत आणि उत्तरांमध्ये जुना कायदा, नवा कायदा यांची खिचडी होतेय. म्हणून एकाच ठिकाणी लिहितो. भर घाला, चुकलं तर कान धरा.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. २०२३ मध्ये संसदेने त्यात मोठी दुरुस्ती केली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. सगळा खेळ या तारखेचा. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख आणि जन्मठिकाण सिद्ध करायला जन्मदाखला हाच कागद. कशाकशासाठी, ते कलम १७ मध्ये मोजून दिलंय: शिक्षणसंस्थेत प्रवेश, वाहन चालवण्याचा परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी आणि निमसरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार, आणि पुढे केंद्र सरकार ठरवेल ती कामं.

त्याआधी जन्मलेल्यांना हे बंधन नाही. १९५८ च्या आजीला नाही आणि २०१२ च्या नातवालाही नाही. पासपोर्टचे नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये या कायद्याला जुळवून घेतले, त्यातही तीच रेघ ओढली आहे. रेघेच्या आधी जन्मलेल्या माणसाला शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांपैकी काहीतरी चालतं.

हे ठासून लिहायचं कारण असं की अफवा ऐकून लोक साठीच्या माणसाची 'उशिराची नोंद' करायला तहसिलात धावतायत. ती वाट आता चांगलीच काट्याची झालीय, आणि बहुतेकांना त्या वाटेने जायची गरजच नाही.

उलटी चूकही तेवढीच जोरात चालू आहे: "आधार आहे ना, मग झालं." आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधार देणाऱ्या यूआयडीएआयने डिसेंबर २०२३ च्या परिपत्रकात स्वतःच सांगितलंय. २४ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची धरली. ते प्रकरण नव्या कायद्याखालचं नव्हतं, पण दिशा कळते.

मीनल_डोंबिवली:

चांगला धागा. नर्सरीवाल्यांसाठी जोड देते. राज्यात नर्सरीला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला ३ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ मध्ये जन्मलेली मुलं जून २०२६ च्या तुकडीतली. शाळेच्या दाराशी हा कायदा पहिल्यांदा भेटतो तो त्यांना.

प्रश्न: दाखला आहे, पण नावाचा रकाना कोरा आहे. बाळ चार दिवसांचं असताना नोंद झाली, बारसं नंतर झालं. आता काय?

दफ्तरदार:

ही सगळ्यात जास्त दिसणारी अडचण आणि सगळ्यात सोपी. नोंद पक्की आहे, फक्त नाव भरायचंय. कलम १४ बघा. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव दिलं तर फी नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं, आणि ते किरकोळ असतं. जिथे नोंद झाली त्याच निबंधकाकडे (जन्म-मृत्यूची नोंद करणारा अधिकारी) जायचं, राहता त्या वॉर्डात नाही. आई-वडिलांचा अर्ज, दोघांची ओळखपत्रं, जुना कोरा दाखला. मुलाचं आधार काढून झालं असेल तर तेही लावा आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर तसंच लिहा.

मात्र नाव घालणं म्हणजे नाव बदलणं नव्हे. एकदा 'स्वरा' लिहिलं की दोन वर्षांनी 'शर्वरी' हवंय म्हणून कलम १४ खाली जाता येत नाही. म्हणून अर्जावर इंग्रजी स्पेलिंग घरच्या सगळ्यांनी बघूनच सही करा. 'ज्ञानेश्वरी'चं स्पेलिंग डीने सुरू करायचं की जीने, हा वाद टेबलासमोर उभं राहून मिटत नाही.

नोंदवही_नमुना१:

दाखला बिघडतो तो कार्यालयात नाही, दवाखान्यात. कसा, ते सांगतो.

रुग्णालयात जन्म झाला की माहिती देण्याची कायदेशीर जबाबदारी रुग्णालयाची. नमुना १ भरतात, त्याचे दोन भाग असतात. एक कायदेशीर भाग: जन्मतारीख, लिंग, बाळाचं नाव असेल तर, आई, वडील, पत्ते, जन्मठिकाण. दुसरा सांख्यिकी भाग: आईचं शिक्षण, धर्म, लग्नाच्या वेळचं वय, कितवं मूल, प्रसूती कशी झाली, बाळाचं वजन. दाखल्यावर येतो तो फक्त पहिला भाग. लोक धर्माच्या रकान्यावरून काळजी करत बसतात, तो दाखल्यावर छापलाच जात नाही. ज्याची काळजी करायची ते आईचं नाव, आणि तिथे मात्र नातेवाईक "लिहा हो सिस्टर तुमच्या मनाने" म्हणून मोकळे होतात.

होतं असं. केस पेपरवर बाईचं सासरचं नाव असतं, कारण सोनोग्राफीपासून नवऱ्याचं आडनाव लागलेलं. आधार आणि पॅन माहेरच्या नावाने. नमुना १ भरणारा केस पेपर समोर ठेवून भरतो. दाखला येतो 'सौ. पूजा अमित जाधव', आधारवर 'पूजा रमेश शिंदे'. मग बाळाचं आधार काढताना आईचं आधार आणि दाखला जुळत नाहीत, आणि पासपोर्टच्या खिडकीवर हाच प्रश्न पुन्हा उभा. एका रकान्यासाठी तीन ठिकाणी हेलपाटे.

सुधारित कायद्यानुसार जन्माच्या नोंदीत आई-वडिलांचा आणि माहिती देणाऱ्याचा आधार क्रमांक, असल्यास, घेतात. म्हणून नाव आधारवर आहे तसंच द्यायचं. 'सौ.', 'श्री.', 'राव', 'बाई' ही शेपटं आधारवर नसतील तर नमुन्यातही नकोत.

डिस्चार्जच्या आधी चार गोष्टी करा. नमुना १ स्वतः वाचा, त्याचा फोटो ठेवा. आंतररुग्ण क्रमांक लिहून घ्या. नोंद कोणत्या निबंधकाकडे पाठवणार ते विचारा, कारण महापालिका आणि शेजारची ग्रामपंचायत यांच्या हद्दीवरची रुग्णालयं बरीच आहेत. आणि ईमेल व मोबाईल तुमचाच घालायला लावा. कायद्याने नोंद झाल्यापासून ७ दिवसांत पहिला दाखला फुकट द्यायचा असतो, पण तो 'माहिती देणाऱ्याला'. रुग्णालयातल्या जन्मात माहिती देणारं म्हणून रुग्णालय लागतं. प्रत त्यांच्या ईमेलवर जाऊन पडते आणि इकडे घरचे वाट बघत बसतात.

खोडरबर:

आणि 'चुकलं तर दुरुस्त करू' हे जे सगळे सहज म्हणतात, त्यांच्यासाठी. कलम १५ खाली दुरुस्ती होते, पण मूळ नोंद खोडत नाहीत. समासात शेरा लिहितात, तारीख घालून सही करतात. लेखनिकाची चूक (र चा ऱ्य, मे चा मार्च) एका प्रकारात. मजकुराची चूक म्हणजे बापाचं नावच वेगळं वगैरे, दुसऱ्या प्रकारात. दुसऱ्याला पुरावे आणि माहितगार दोन व्यक्तींचं निवेदन लागतं. राजपत्रात छापून केलेला नावबदल ही जन्मनोंदीतली 'चूक' नाही, त्यामुळे राजपत्राचा कागद घेऊन मूळ नोंद बदलायला गेलात तर बहुधा परत पाठवतील, आणि ते बरोबर असेल.

मीनल_डोंबिवली:

आईच्या नावावरून आठवलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी राज्याने नावाचा क्रम बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा केला ना? मग दाखल्यावर तो आपोआप येतो का?

दफ्तरदार:

नाही. मंत्रिमंडळाचा तो निर्णय मार्च २०२४ चा आणि तो राज्याच्या कागदांसाठी: शाळेची कागदपत्रं, महसुली दस्त, पगारपत्रक. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचा नमुना केंद्राच्या कायद्यातला, म्हणून त्या बाबतीत केंद्राशी विचारविनिमय करायला सांगितलं होतं. नोंदवहीत आईला मुळापासूनच स्वतंत्र रकाना आहे. बाळाच्या नावात आईचं नाव हवं असेल तर बाळाचं पूर्ण नाव लिहिताना तुम्हीच तसं लिहायचं. एकदा ठरवा आणि आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे तोच क्रम ठेवा.

एकट्या पालकाबद्दल लगेच लिहून टाकतो. अविवाहित आई असेल तर वडिलांचा रकाना रिकामा ठेवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच तसा दाखला द्यायला सांगितलं होतं, आता एकल पालक, दत्तक आणि सरोगसी या तिन्हींची तरतूद कायद्यात आली आहे. टेबलावर कुणी "वडिलांचं नाव हवंच" म्हणालं तर वाद घालत बसू नका. नकार लेखी मागा.

माणदेशी:

इथे सगळं शहरी दवाखान्यांचं चाललंय. गावाकडचं लिहितो.

घरी बाळंतपण झालं तर माहिती देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची किंवा जवळच्या नातेवाइकाची. मुदत २१ दिवस. ग्रामपंचायतीत जायचं. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून २०२४ मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' केलंय. पाटी बदलली, काम तेच. आशाताईंच्या वहीत जन्माची नोंद असते, तिची प्रत घ्या. लसीकरणाचं कार्ड आणि माता-बाल संरक्षण पुस्तिका जपा. एक पैसाही न लागता मिळणारा हा पुरावा पुढे तहसिलात सगळ्यात वजनदार ठरतो.

आता खरी मेख. नोंद होते ती जन्म झाला त्या ठिकाणी. ऊसतोडीला दिवाळीच्या पुढेमागे बीड-जतकडची कुटुंबं कोल्हापूर, सांगली, थेट बेळगावपर्यंत जातात. बाळ फडावर किंवा तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मतं. आरोग्य केंद्रात झालं तर नोंद तेच पाठवतात. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, झालं तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत, आणि मुकादम सांगतो "गावी गेल्यावर करा." गावी जायला मार्च-एप्रिल उजाडतो. तोवर २१ दिवस गेलेले, ३० गेलेले. आणि गावचा अधिकारी सांगतो, जन्म इथला नाही. त्याचं बरोबरच आहे. मग मजुरी बुडवून पुन्हा कोल्हापूर. बेळगावचं असेल तर कर्नाटकातल्या कार्यालयात, कन्नड अर्ज.

यावर उपाय एकच. फड सोडायच्या आधी नोंद. टोळी हलली तरी २१ दिवसांच्या आत त्या गावात जाऊन या, सोबत दाई किंवा आशा आणि टोळीतलं एक माणूस. जिल्हा बदलतोय म्हणून 'राहत्या गावची' नोंद कुणी करून देतो म्हणाला तर नको म्हणा. जन्मठिकाण खोटं पडतं, आणि आता सगळ्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर एकाच माहितीसाठ्यात जातात.

१०८ च्या गाडीत वाटेत जन्म झाला तर? चालत्या वाहनातल्या जन्माची नोंद गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथे होते. पुढे ज्या रुग्णालयात भरती केलं ते आणि पहिला थांबा बहुतेकदा एकच असतो, पण कागदावर नेमकं काय लिहिलंय ते बघा.

दफ्तरदार:

माणदेशी, हे फार कामाचं. मुदतींचा हिशोब इथेच देऊन टाकतो.

२१ दिवसांत: फी नाही. २१ ते ३०: थोडं विलंब शुल्क, निबंधक स्वतःच करतो. ३० दिवस ते १ वर्ष: जिल्हा निबंधकाची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, शुल्क, आणि स्वसाक्षांकित कागद. आधी इथे नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र लागायचं, २०२३ च्या दुरुस्तीने ते काढलं. तरीही कुठे कुठे स्टँप आणा म्हणतात. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे, म्हणजे तेव्हाही साध्या कागदावर चाललं असतं. आता तर प्रतिज्ञापत्रच नाही. बाहेर टायपिंगवाला ५०० चा स्टँप पुढे करतो, तो त्याच्या धंद्यापायी.

१ वर्षानंतर: जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश. पूर्वी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे कोर्टात होतं. ते महसुलाकडे आलं आणि महाराष्ट्रातला सगळा गोंधळ इथून सुरू झाला.

तलाठी_नाही_तरीही:

त्या गोंधळाबद्दल नीट लिहायला हवं, कारण अर्धवट माहितीने लोक घाबरलेत.

कोर्टाऐवजी तहसील झाल्यावर एक वर्षाच्या पुढच्या नोंदींचे अर्ज धडाधड आले. 'अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी' यातले 'अधिकार दिलेला' हे दोन शब्द काही ठिकाणी वाचलेच गेले नाहीत. नायब तहसीलदारांनी आदेश काढले. मालेगावात बेकायदा दाखले दिल्याच्या तक्रारींवरून जानेवारी २०२५ मध्ये राज्याने विशेष तपास पथक नेमलं आणि उशिराचे दाखले देणं थांबवलं. मार्च २०२५ मध्ये नवी कार्यपद्धती आली. अधिकार नसताना दिलेले आदेश बेकायदा ठरवून ते दाखले रद्द करायचं काम निघालं. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये महसूल विभागाने, निव्वळ आधार कार्ड पुरावा धरून दिलेल्या उशिराच्या नोंदी रद्द करायचं सांगितलं.

आता अर्ज असा जातो. आधी ज्या ठिकाणी जन्म झाला तिथल्या निबंधकाकडून 'नोंद आढळत नाही' हा दाखला, नमुना १०. तो मागताना एकच वर्ष देऊ नका, मागचं-पुढचं वर्षही शोधायला सांगा. नोंद पुढच्या जानेवारीत चढवलेली सापडते. मग अर्ज, उशिराचं कारण, पुरावे. मग चौकशी: ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा अहवाल, पोलीस पडताळणी, हरकती मागवणारं जाहीर प्रगटन. हरकत नसेल आणि पुरावा पटला तर आदेश. आदेश घेऊन परत निबंधकाकडे, तिथे नोंद, मग दाखला. आदेश म्हणजे दाखला नव्हे, हे विसरून आदेशच लॅमिनेट करून कपाटात ठेवणारे आहेत.

पुरावा कोणता टिकतो? जन्माच्या वेळचा किंवा जवळचा. रुग्णालयाची प्रसूती नोंद, लसीकरण कार्ड, अंगणवाडीची नोंद, शाळेच्या जनरल रजिस्टरचा पहिलीतला उतारा. आधार, पॅन, रेशनकार्ड हे सगळे माणसाने नंतर सांगितलेल्या तारखेवर बनलेले, म्हणून त्यांचं वजन कमी. खोटा कागद जोडला तर अर्ज फेटाळून विषय संपत नाही, गुन्हा दाखल होतो.

आदेश हातात आला की तीन गोष्टी बघा: सही करणाऱ्याचं पद, त्याला अधिकार दिल्याच्या आदेशाचा क्रमांक, आणि जन्मठिकाण त्याच्या हद्दीत आहे का. शेवटची तपासणी फारसं कुणी करत नाही. राहतो पुण्यात, जन्म नांदेडचा, अर्ज पुण्यात: असा आदेश पहिल्याच धक्क्याला कोसळतो.

माणदेशी:

हे पटतं, पण चौकशीचा भार सगळ्यांवर सारखाच पडतो हे मान्य नाही. बनावट दाखला काढणाऱ्याकडे एजंट असतो. कोपीवर जन्मलेल्या पोराच्या बापाला पोलीस पडताळणी म्हणजे आठवड्याची हजेरी. कायद्यात उशिराला दंड आहे, पण माहिती न देणाऱ्या मुकादमाला किंवा कारखान्याला काही लागत नाही.

तलाठी_नाही_तरीही:

दंडाचं म्हणाल तर व्यक्तीला २५० रुपयांपर्यंत, संस्थेला १०००. आधी ५० होता. कुणी घाबरेल असा आकडा नाही. तुमच्या मुद्द्याला उत्तर कायद्यात नाही, एवढंच म्हणतो. ज्या तालुक्यात टोळ्या उतरतात तिथल्या ग्रामपंचायतीने हंगामात फडावर नोंदवही नेली तर अर्धा प्रश्न सुटेल. त्याला नवा नियम लागत नाही.

कोतवालबुक:

जुन्या लोकांसाठी. कायदा बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीचा जन्म असेल तर ग्रामपंचायतीत 'नोंद नाही' म्हणाले म्हणजे संपलं, असं नाही. गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडचं कोतवाल बुक, तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधायचं. कुणबी नोंदींसाठी न्या. शिंदे समितीच्या काळात हीच बाडं बाहेर काढली गेली, त्यामुळे बऱ्याच तालुक्यांत ती स्कॅन झालेली आहेत.

पण अपेक्षा ठेवून जाऊ नका. नोंद साधारण अशी असते: तारीख, बापाचं नाव, जात, 'मुलगा' किंवा 'मुलगी'. मुलाचं नाव नाही. भावंडं चार असतील तर कोणती नोंद कुणाची, ते शाळेच्या रजिस्टरवरून जुळवावं लागतं. जुनी पानं मोडी लिपीत. वाचणारा मिळवा आणि लिप्यंतरावर त्याची सही घ्या.

अजून एक जागा जिथे नोंद 'हरवते': हद्दवाढ. पुण्यात २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची वेगळी काढून नगरपरिषद केली. २०१५ चा जन्म ग्रामपंचायतीच्या वहीत, मग दफ्तर पालिकेकडे, मग आणखी तिसरीकडे. अशा वेळी दोन प्रश्न वेगळे विचारा: जन्माच्या दिवशी निबंधक कोण होता, आणि ती वही आज कुणाच्या कपाटात आहे. पहिल्याचं उत्तर घेऊन दुसऱ्याच्या दारात गेलात तर 'नोंद नाही' हाच कागद हाती पडतो, आणि तो चुकीचा असतो.

मांडवीकाठ:

गोव्याचं दोन ओळींत. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदी तिथल्या नागरी नोंदणीच्या वह्यांत आहेत, पोर्तुगीजमध्ये, आणि त्यांचा सविस्तर उतारा वेगळा मागावा लागतो. त्या नोंदीतलं नाव आणि आजचं नाव यांत फरक असेल तर 'दोन्ही एकच व्यक्ती' हे गोव्यातच सिद्ध करून घ्या, मुंबईत बसून होत नाही.

वाळूवरचा_वडापाव:

आखातातल्यांसाठी काय? दुबई किंवा मस्कतला जन्मलेलं मूल, आई-वडील दोघेही भारतीय पासपोर्टवाले.

नोंदवही_नमुना१:

स्थानिक जन्मदाखला आणि भारतीय वकिलातीतली नोंद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशात जन्मलेल्या मुलाचं भारतीय नागरिकत्व वंशाने मिळतं, त्यासाठी १ वर्षाच्या आत वकिलातीत नोंद आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही हे निवेदन लागतं. ती नोंद झाली की वकिलातीचा दाखला मिळतो. तो जपा, स्थानिक दाखल्यापेक्षा तोच पुढे जास्त विचारला जातो.

ते झालं नसेल आणि कुटुंब कायमचं परत येत असेल तर कलम २० आहे: भारतात पोचल्यापासून ६० दिवसांत इथे नोंदवता येतं. ६० दिवस गेले की वर लिहिलेली उशिराची पायरी. विमानाचं तिकीट आणि पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का ठेवा, कारण ६० मोजायला सुरुवात तिथून. 'कायम राहायला येतोय' या हेतूने असेल तरच हे कलम, उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्यांसाठी नाही.

खोडरबर:

सगळे जन्माचंच बोलतायत. मृत्यूच्या बाजूला एक बदल झालाय जो कुणाच्या लक्षात येत नाही.

रुग्णालयात मृत्यू झाला तर कारणाचा वैद्यकीय दाखला (नमुना ४) सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने निबंधकाला द्यायचा, आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला, फुकट. घरी मृत्यू झाला आणि शेवटच्या आजारात डॉक्टर उपचार करत होते तर नमुना ४अ. हे मागून घ्या, कारण नेहमीच्या मृत्यूदाखल्यावर मृत्यूचं कारण छापायला कलम १७ खाली मनाई आहे. विमा कंपनी कारण विचारते, दाखल्यावर ते नसतं, आणि लोक महिनाभर पालिकेत भांडत बसतात.

नमुना ४ हातात आला की वाचा. 'हृदयक्रिया बंद पडली' हे कारण नाही, मरणाऱ्या प्रत्येकाची ती बंद पडतेच. मूळ आजार लिहिला पाहिजे: त्यामुळे काय झालं, त्यामुळे काय, अशी खालून वर साखळी असते. ती अर्धवट असेल तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा. तीन महिन्यांनी केस पेपर शोधून बदलून द्यायला कुणीही तयार नसतं.

मीनल_डोंबिवली:

शेवटचा व्यावहारिक प्रश्न. नकार दिला, किंवा अर्ज घेऊन नुसता ठेवून दिला तर?

दफ्तरदार:

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

निबंधकाने नकार दिला किंवा चुकीचा निर्णय दिला: नवं कलम २५अ. ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील, जिल्हा निबंधकाच्याच निर्णयावर असेल तर मुख्य निबंधकाकडे. अपील ९० दिवसांत निकाली काढायचं असतं. ग्रामीण भागात जिल्हा निबंधक म्हणजे जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी, त्यामुळे अर्ज कलेक्टर कचेरीत टाकून वाट बघू नका.

निर्णयच दिला नाही, नुसतं लोंबकळत ठेवलं: तिथे लोकसेवा हक्क कायदा २०१५. पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. पोचपावती नसेल तर यातलं काहीच चालत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. "साहेब नाहीत, उद्या शिक्का मारतो" म्हणाले तर अर्ज परत घेऊन उद्याच द्या, किंवा स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. अपिलाच्या ३० दिवसांची मोजणी नकाराच्या कागदावरून होते, म्हणून नकारावरची तारीख आणि तो हातात पडला ती तारीख, दोन्ही पाकिटासकट ठेवा.

मीनल_डोंबिवली:

आणि कोऱ्या नावाच्या दाखल्याचं, शाळेत प्रवेशाची मुदत चार दिवसांवर आहे अशांचं?

दफ्तरदार:

कोरा दाखलाही जन्मतारखेचा पुरावा आहेच, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड त्यावर असतो. शाळेत तो द्या, सोबत कलम १४ च्या अर्जाची शिक्क्यासह पोच जोडा, आणि नावाचा दाखला आला की बदलून देतो असं लेखी द्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव चढेल ते अर्जात लिहिलंय तसंच, तेवढं तिथे उभं राहून बघा. ते एकदा चुकीचं चढलं की पुढचा धागा वेगळा काढावा लागेल.